सोमाआजांना हवा असलेला शेजार

एप्रिल १९८४, बुधवार. तुमसर तालुक्यातल्या एका खेड्याची शाळा. हजर: नायब तहसीलदार साहेब, पुनर्वसन कार्यालयाची समाजसेविका, म्हणजे मी, एकटे राहणारे सोमाआजा, त्यांचा पुतण्या वामन, आणि शेजारी दागोजी, न बोलावता आलेले.

सोमाआजा प्लॉटच्या कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हते.

गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. नव्या गावाच्या नकाशाला आम्ही लेआउट म्हणतो. एकट्या म्हाताऱ्यांना नातेवाइकांशेजारी प्लॉट द्यायचा, ही आमची पद्धत. म्हणून मी आजांना वामनशेजारचा प्लॉट दिला होता. वामन दोन वेळचं जेवणही द्यायला तयार होता.

"मले दागोच्या बाजूले द्या," आजा म्हणाले.

माझा गोंधळ उडाला. आदल्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा हे दोघं एकमेकांना शिव्या देत होते. दोन घरांच्या मधोमध मोहाचं झाड. पहाटे पडलेली फुलं कोणी वेचायची, यावरून हंगामभर भांडण. हंगाम संपला की पानांवरून. तुमची काळजी कोण घेतं, असं मी विचारलं, तर आजा म्हणाले, कोणीच नाही. मग कसे आहात? मजेत. या दोन उत्तरांचा मेळ मला लागेना.

साहेब वैतागले. "मॅडम, हे भांडायला प्लॉट मागतायत का?"

वामनचा चेहरा उतरला. "मोठेबाबा, मी का तुमचा बैरी आहो?"

"तू चांगला आहेस रे. पण तू दिवाळीले येतेस, पाया पडतेस, जातेस. हा रोज येते. मांगं मी तापानं पडलो, त यानंच दार तोडलं."

सगळे दागोजींकडे बघू लागले.

"मी शिव्या देऊन रायलो होतो, अन् हा जवाबच देईना," दागोजी म्हणाले. "मंग काय करू?"

हे शेजारी चालतील का, असं साहेबांनी त्यांना विचारलं.

"मले नोको हा बुढा. पण दुसऱ्याच्या बाजूले काहून देता?"

मी लेआउट बदलला. आजांनी अंगठा दिला.

आता दोघं नव्या गावात शेजारी आहेत. तिथे नुसता मुरूम, झाड नाही. त्यामुळे सुरुवातीला ते एकमेकांशी चक्क सभ्यपणे वागू लागले, आणि मला काळजी वाटली. एकट्या म्हाताऱ्यांना मी हल्ली काळजी कोण घेतं हे विचारत नाही. भांडण कोणाशी, ते विचारते.

मी मोहाचं रोप मिळवलं आहे. ते अजून ऑफिसच्या व्हरांड्यात डालड्याच्या डब्यातच आहे. हद्दीच्या कोणत्या अंगाला लावायचं, यावर दोघांचं एकमत होत नाही.