कावळा पास्त्याला शिवेना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात तर मला पुढचं सांगता येणार नाही. मी माझ्या दादाला पास्ता वाढला आणि त्यात माझं अख्खं आयुष्य अडकलं.

दादाला जाऊन तीन महिने झाले. इकडे आखातात, मनामात एका इटालियन हॉटेलात तो कुक होता, मी जवळच सित्राला कारखान्यात वेल्डरचा हेल्पर. खोली एकच. दर शुक्रवारी तो सूप करून घालायचा. टोमॅटो, गाजर, राजमा, त्यात आखूड पास्ता. आमच्या चिपळूणच्या हिशेबानं ती इटलीची उसळच. पण पोटात गेली की आईनं पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं.

महिन्याचं पान कावळ्याला ठेवायचं होतं. आई फोनवर म्हणाली, "त्याच्या आवडीचं कर."

आवडीचं म्हणजे हेच की! मी सातवी नापास, कृती कुठली लिहून ठेवतोय? दादाचे हात बघितले होते, तेवढ्या शिदोरीवर पातेलं चढवलं.

दुपारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ पान मांडलं. सोबत आमच्या खोलीतले विश्रामकाका, कंपनीची बस चालवतात ते. मोबाईलवर आई आणि वहिनी. कावळा लगेच आला. मान वाकडी करून त्यानं पास्त्याकडे बघितलं, पण चोच लावली नाही.

"मनात काहीतरी राहिलंय त्याच्या," काका म्हणाले. "शब्द दे."

"दादा, वहिनीला आणि तुझ्या छकुलीला मी कधी अंतर देणार नाही." हे अगदी आतून आलं. कावळा उडून टाकीवर जाऊन बसला.

"तंबाखूचं म्हण," मोबाईलमधून आई.

"तंबाखू सोडली, दादा."

कावळा खाली उतरला. मला हुरूप आला.

"दहावीला बसतो."

कावळा मागे सरकला. त्याचा विश्वास बसला नसावा.

"तुझं अत्तर मांजरीनं सांडलं नव्हतं. मीच संपवलं."

"रोज खोली झाडीन म्हण," काका म्हणाले.

दादाचा जीव खोली झाडण्यात अडकला असेल? पण म्हटलं तेही. अर्धा तास झाला. ऊन डोक्यावर, पोटात खड्डा, आणि कावळा शिवल्याशिवाय जेवता येईना. दादा उपाशीच जाणार काय? मग जे तोंडाला आलं ते बोलून गेलो, "येत्या रजेत आई म्हणेल त्या मुलीशी लग्न करतो. पण जेव रे."

कावळा पंख साफ करत बसला.

एवढ्यात दादाच्या हॉटेलातला केरळचा थॉमस जिना चढून आला. त्याला जेवायला बोलावलं होतं. आमची रीत त्याला काय ठाऊक? पातेल्यात चमचा बुडवून त्यानं सरळ तोंडात घातला. "अरे अरे" म्हणेपर्यंत खलास.

"भाई, इसमें नमक किधर है?"

नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून मी चाखला नव्हता. पास्ता उकळताना मीठ नाही, सुपात नाही, कुठेच नाही.

"तेरा भाई होता तो पूरा सूप फेंक देता," थॉमस म्हणाला.

मी खाली पळालो, मीठ आणलं, ढवळलं, पान नव्यानं वाढलं. मागे सरतोय न सरतोय तोच कावळ्यानं पास्ता उचलला. एक नाही, तीन. मी तिथेच खाली बसून रडलो. काका रडले, वहिनी रडली. आमच्याकडे बघून थॉमसनेही डोळे पुसले. दादा जेवला.

मग मला भान आलं. "आई, त्याचं मिठावरच अडलं होतं ना? मग ते बाकीचं..."

"दादाला शब्द दिलायस," आईनं नाक पुसलं. "खेर्डीची एक मुलगी बघून ठेवलीय."

काकांनी तेवढ्यात कोपऱ्यातला झाडू आणून माझ्या हातात दिला.

सूप मात्र मस्त झालं होतं, मी तीन वाट्या प्यायलो. पुढच्या महिन्यात पुन्हा पान ठेवायचंय. तेव्हा नैवेद्य बाटला तरी चालेल, मी आधी चाखणार. कबूल करायला माझ्याकडे आता काही उरलेलंच नाही.