सरकारचा सहावा हिस्सा आणि काकूंची भिशी

पगारातून ज्यांचा कर आपोआप कापला जातो अशा भाग्यवंतांनो, आज मला तुमचा मनापासून हेवा वाटतोय.

मी माले या खेड्यात खोली भाड्याने घेऊन ऑनलाइन संस्कृत शिकवतो. राजाला उत्पन्नाचा सहावा हिस्सा द्यावा, असं जुने ग्रंथ सांगतात. म्हणून फी आली की तेवढी रक्कम मी बाजूला काढतो. बँकेत ठेवली तर मीच खर्च करतो, म्हणून ती घरमालकीणकाकूंच्या भिशीत टाकत आलो. या महिन्याचा नंबर माझा होता आणि आगाऊ कर भरायची शेवटची तारीख आज. योग कसा जुळवून आणला होता!

सकाळी पैसे मागायला गेलो. काकू भाकरी थापत होत्या.

"सर, तुमचा नंबर जाऊबाईला दिला. आमच्या दोघींच्या बोअरला पानी लागलंय, मोटर बसवायची हाय."

"अहो काकू, आज सरकारला पैसे भरायचेत!"

"सरकार कुटं पळून चाललंय व्हय? म्होरल्या म्हैन्यात भरा की."

"व्याज लागतं हो!"

"आन् तुमच्या नळाला पानी आलं, तर न्हाई म्हनणार का?"

दोन महिने मी टँकरवरून बादल्या वाहतोय. मी विचारलं, मोटर कधी बसणार?

थोडक्यात, माझ्या करातून पाणीपुरवठा होणार, तोही सरकारला मध्ये न घेता. पण ही वजावट दाखवायला पोर्टलवर रकाना नाही. मी दोनदा शोधला.

तुम्ही कराचे पैसे कुठे ठेवता? घरमालकिणीचा हात पोचणार नाही अशी जागा सुचवा.