लिफ्टमध्ये कोणी अडकलं असेल तर

भागीरथीताई फोन उचलताना हॅलो म्हणत नाहीत. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतोय, एकदाही ऐकलेलं नाही. रिसीव्हर कानाला लागला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बोला, आत कोन हाय?" बिलाची चौकशी करायला फोन केलेला माणूस त्यानं गडबडतो. एकदा एका पोरीनं कर्ज हवंय का म्हणून विचारायला फोन केला होता. ती बिचारी "कुणी नाही हो" असं म्हणून फोन ठेवून मोकळी झाली.

आमची 'पुतळाई लिफ्ट सर्व्हिस' तुर्भ्याला आहे. सुभाषशेठनी आपल्या आईच्या नावानं काढली. खारघरपासून दिघ्यापर्यंत दोनेकशे सोसायट्यांच्या लिफ्ट आम्ही सांभाळतो. मी मधुकर, सुपरवायझर. कोणता मेकॅनिक कुठे पाठवायचा ते मी बघतो, आणि माझं डोकं लवकर तापतं हे आधीच सांगून ठेवतो. भागीरथीताई फोन बघतात. त्या कोपरखैरण्याच्या जुन्या गावातल्या, आगरी. भाताची शेतं कधीच गेली, आता त्यांच्या तीन मजली घरात भाडेकरू आहेत, त्यामुळे पैशाची ददात नाही. नवरा देवळाच्या ओट्यावर पत्ते कुटतो, मुलगा-सून आपापल्या कामाला जातात. तरी ही बाई रोज नऊच्या ठोक्याला हजर. सणाच्या दिवशीसुद्धा दुपारी एक चक्कर टाकून जाते.

गेल्या वर्षी सुभाषशेठनी कारभार मुलाच्या हाती दिला. स्वराज पोरगा चांगला आहे, पण त्याला नवीन वस्तू दिसली की राहवत नाही. त्यानं फोन उचलणारं मशीन आणलं. "मावशी, महिनाभर ट्रायल," तो भागीरथीताईंना म्हणाला. "मशीननं सगळं सांभाळलं, तर एक तारखेपासून तुम्ही घरी आराम करा. पूर्ण पगारी निरोप. टेन्शन नाही."

त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की चोपन्नाव्या वर्षी माणसाला आराम हवा असतो. भागीरथीताई वाजणारा फोन उचलायला वळल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून नुसत्याच बसल्या. म्हणाल्या, "मधुभाऊ, घरान मना कोन इचारतो? हितं दिवसाला पन्नास लोकांना मी लागतंय." मला त्या दिवशी स्वराजचा इतका राग आला की मी त्याच्या केबिनचा दरवाजा विनाकारण जोरात लावला.

मशीनबरोबर स्वागताचा मजकूर तयार आला होता. विकणाऱ्यानंच लिहून दिलेला. आधी बासरी. मग एक गोड आवाजाची मुलगी. नमस्कार, पुतळाई लिफ्ट सर्व्हिसमध्ये आपलं हार्दिक स्वागत आहे, गेली अठ्ठावीस वर्षं आम्ही आपल्या सेवेत तत्पर आहोत, आपला फोन आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. नवीन लिफ्टसाठी एक दाबा, देखभालीच्या करारासाठी दोन दाबा. असं करत करत तक्रारीसाठी सात. हेच पुन्हा हिंदीत. पहिल्या आठवड्यात तक्रारी निम्म्यावर आल्या आणि स्वराज खूश झाला.

"तक्रारी कमी नाय झाल्या," भागीरथीताई म्हणाल्या. "लोकांनी फोन ठेवून दिले."

स्वराजनं मान हलवली, म्हणजे त्याला पटलं नव्हतं. तेव्हा ताईंनी त्याला आणि मला वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे शिकाऊ मेकॅनिकांसाठी एक जुनी लिफ्ट ठेवलेली आहे. आम्हा दोघांना आत उभं केलं, बाहेरून दार लावलं आणि लाइट घालवला. "आता लावा आपल्या कंपनीला फोन."

स्वराजनं लावला. अंधारात बासरी सुरू झाली. हार्दिक स्वागतापर्यंत मी गप्प होतो. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेला मी दातओठ खायला लागलो. आपला फोन मोलाचा आहे म्हटल्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तक्रारीचा सात यायला एक मिनिट पाच सेकंद लागले. बाहेर आलो तेव्हा स्वराजच्या कपाळावर घाम होता. पोरगा प्रामाणिक, तिथल्या तिथे म्हणाला, "मावशी, तुम्हीच लिहा."

आता हे बघा. ज्या मशीनमुळे आपली खुर्ची जाणार, त्याच्यासाठी चांगलं लिहायचं. मी ताईंना बाजूला घेऊन अक्कल शिकवली. "मस्त लांबलचक लिहा. सत्यनारायणाच्या पोथीएवढं. महिनाभरात मशीन परत जातंय."

त्या माझ्यावर अशा उखडल्या की विचारू नका. "आन तवर कोनी अरकला तं? तुमची बायको असली तं? माज्या खुर्चीपायी मी बाईमानसाला अंधारान उभी करू?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला माझीच लाज वाटली, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

लिहायला बसल्या त्या तक्रारवही घेऊन. कोणी कशासाठी फोन केला, सगळं त्यांच्या अक्षरात. लोक आधी काय सांगतात, मग काय, हे बघून त्यांनी क्रम लावला. अडकलेला माणूस पहिला, बंद लिफ्ट दुसरी, बिल आणि करार तिसरे, विकायला येणारे सगळ्यात शेवटी. बासरी काढली. स्वागत काढलं. स्वराज म्हणाला, "निदान नमस्कार तरी?" त्यावर ताई म्हणाल्या, "नमस्कार खाली उतरल्यावर." मग स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केलं. "पुतळाई लिफ्ट. लिफ्टमध्ये कोणी अडकलंय का? अडकलं असेल तर एक दाबा." पुढचं सगळं धरून अठरा सेकंद. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि तिथेच गाडी घसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरखैरण्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी स्कूटरवरून थेट ऑफिसात आले. चेहरा लालबुंद. "वीस वर्षांची आपली ओळख, भागीरथीताई, आणि तुम्ही माझ्याशी असं वागता? तुम्ही विचारलंत, कोणी अडकलंय का. मी म्हटलं, नाही, पण लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबलीय. तर तुम्ही माझं ऐकून न घेता आपलं पुढे एक दाबा, दोन दाबा! परत विचारलंत, कोणी अडकलंय का. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलंत आणि तोंडावर फोन आपटलात!"

ताई उठून उभ्या राहिल्या, पाणी दिलं, मशीन दाखवलं. गृहस्थांना पटायला पाच मिनिटं लागली. मग ते इतके हसले की त्यांना दुसरा ग्लास द्यावा लागला. पण मशीनचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर तेच सगळीकडे चाललं होतं. खारघरचा वॉचमन, दिघ्याच्या कारखान्याचा मुकादम, सगळे ताईंचा आवाज ओळखून त्यांना उत्तर देत होते. एकानं तर गावाहून आल्याचं सांगून त्यांच्या नातवाची चौकशी केली होती. बटण कोणीच दाबत नव्हतं. कसे दाबतील? ताईंनी विचारलं की उत्तर द्यायचं, ही लोकांची बावीस वर्षांची सवय.

ताईंना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी आल्या आणि म्हणाल्या, "चूक माजी. ज्याला ऐकू येत नाय त्यानं इचारू नये." त्यांनी कागद पुढे ओढला आणि प्रश्न खोडला.

नवा मजकूर असा झाला. "पुतळाई लिफ्ट. हे मशीन बोलतंय. लिफ्टमध्ये कोणी अडकलं असेल तर फोनवरचा एक दाबा." फोनवरचा हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला, कारण आतला घाबरलेला माणूस लिफ्टच्याच पहिल्या मजल्याचं बटण दाबत बसेल. आणि आवाज? "मधुभाऊ, आवाज तुमचा. तुमच्याशी कोनी गप्पा मारनार नाय."

स्वराज पोट धरून हसला. मी रागावलो, पण आवाज दिला. माझ्या खेकसण्याचा बावीस वर्षांत कंपनीला झालेला हा पहिला फायदा. लोक माझा आवाज ऐकून मुकाट्यानं बटण दाबू लागले. बिलवाले बिलाकडे गेले, कर्जवाले शेवटी अडकले आणि कंटाळून गेले. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ताईंच्या टेबलावरचा फोन जवळजवळ वाजेनासा झाला. त्या ड्रॉवर आवरायला लागल्या. पिना, पासबुकाचं जुनं कव्हर, सुभाषशेठनी दिलेली डायरी. मशीन त्यांनी इतकं चांगलं शिकवलं होतं की आता त्यांचंच काम उरलं नव्हतं. मला बघवेना, मी गोडाउनमध्ये जाऊन उगाच माल मोजत बसलो.

एकोणतीस तारखेला दुपारी सव्वाबाराला तो फोन आला. एक नंबर दाबला की मेकॅनिक केतनच्या मोबाइलवर रिंग जायची, अशी स्वराजची व्यवस्था होती. केतन तेव्हा दिघ्याला एका लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, दोन्ही हात ग्रीसनं भरलेले. त्यानं उचलला नाही म्हणून फोन फिरून ताईंच्या टेबलावर आला.

"बोला, आत कोन हाय?"

आत बयाबाई होत्या. सत्तर वर्षांच्या, बीडकडच्या, खारघरला मुलाच्या नव्या फ्लॅटवर आठ दिवसांसाठी आलेल्या. कोथिंबीर आणायला एकट्याच निघाल्या आणि नवव्या-दहाव्याच्या मधे अडकल्या. बटणांचा छोटा फोन, भिंतीवर आमच्या नंबरचा स्टिकर. "एक मानूस खेकसला, एक दाब म्हनला, म्या दाबला," त्या रडत सांगत होत्या. "ही खाली पडती का काय गं बाई?"

"पडत नाय, मावशी. चार-चार दोर हायत, म्हशी बांधल्या तरी तुटायचे नाय. खाली बसा बघू. बसलाव? पाय सोडा लांब."

ताईंनी मला हातानं खूण केली. मी नेरुळहून दुसरा मेकॅनिक काढला. त्याला पोचायला अर्धा तास लागणार होता. तो अर्धा तास ताईंनी फोन ठेवला नाही. कोथिंबीर कशाला हवी होती? वड्यांना. तुमच्याकडे वड्या कशा करतात? बयाबाईंनी सांगितलं. ताई म्हणाल्या, आमच्यात बेसनात तांदळाचं पीठ घालतात. बयाबाई म्हणाल्या, छ्या, मग ती वडी नव्हंच! रडणं कधी थांबलं आणि भांडण कधी सुरू झालं ते कळलंच नाही. स्वराज केबिनमधून बाहेर येऊन कधीपासून उभा होता. पाऊण वाजता फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला. बयाबाई मेकॅनिकला म्हणाल्या, "थांब जरा, बाईचं बोलनं होऊ दे."

ताईंनी फोन ठेवला, पाणी प्यायल्या आणि वहीत नोंद करायला घेतली.

स्वराज केबिनमध्ये गेला. दहा मिनिटांनी एक कागद घेऊन आला. "मावशी, केतनचा नंबर काढलाय. एक दाबला की फोन थेट तुमच्याकडे. बाकी सगळं मशीन बघेल. आणि मजकुरात एक वाक्य वाढवायचंय."

"अठराच्या वर एक सेकंद जानार नाय," ताई वर न बघता म्हणाल्या.

त्यानं कागद पुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'एक दाबल्यावर भागीरथीताई फोनवर येतील.'

ताईंनी वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा वाचलं. "तीन सेकंद वाया," त्या म्हणाल्या. "माजा नाव कशाला? आन उद्या मी नसले तं?"

"तुम्ही रिटायर व्हाल तेव्हा बदलू. अजून चार वर्षं आहेत."

"तीन सेकंद, स्वराज."

"ऐकतील लोक. कोण येणार ते कळलं तर थांबतील."

ताईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि डोळे पुसत खिडकीकडे तोंड केलं. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबून वाचायला घेतलं. पहिल्यांदा त्यांच्या नावाशी माझा आवाज फाटला. दुसऱ्यांदा नावाच्या आधीच. तिसऱ्यांदा तर शब्दच फुटेना.

"मधुभाऊ, सर्दी झाली काय?" ताई खिडकीकडूनच म्हणाल्या.

"झाली असेल," मी खेकसलो, आणि चौथ्यांदा बटण दाबलं.