पडले नाही, बसले

आमच्या गावात साठीच्या पुढची एक्केचाळीस माणसं होती, आणि दवाखान्याच्या कागदांवर विश्वास ठेवायचा तर गेल्या वर्षभरात त्यातलं एकही पडलेलं नव्हतं.

ते कागद मीच भरून घेतले. मी गावच्या महिला समितीची चिटणीस. शाळा सहावीत सुटली, पण सवाई बेटाच्या या किनाऱ्यावर माझ्याएवढं कुणी सरकारी कागदांशी भांडलेलं नाही. नर्सबाईनं गठ्ठा दिला, मी घरोघर फिरले. पहिलाच प्रश्न होता : गेल्या वर्षभरात पडलात का? ज्याच्या ढोपरावरची खपली मला समोर दिसत होती तो म्हणाला, नाही. जिचा हात गळ्यात बांधलेला होता ती म्हणाली, नाही, हा हात असाच दुखतो. पडलं तरी नाक वर.

त्यातला एक ‘नाही’ मी कानांनी ऐकून, दात खाऊन लिहिला, कारण त्या बाईला मी स्वतः उचललं होतं.

तिचं नाव फुआटिनो. वय अठ्ठ्याहत्तर. आता एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण एके काळी सगळं गाव तिला टरकून असे. समितीची तपासणी असली की शिट्टी वाजवत यायची आणि काठीनं अंथरुणाच्या चटया उलटून खाली बघायची. मी नवी लग्न होऊन आले तेव्हा माझा संडास तिनं दोनदा धुऊन घेतला. “पाहुण्याला बसवशील इथं?” म्हणाली. संडासात पाहुण्याला कोण बसवतं? पण मी धुतला. तिच्या हातच्या चटया कापडासारख्या अंगावर पडतात. केवड्याच्या पानाच्या दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या काढायच्या आणि एकेक विणायची. एका चटईला चौदा महिने. परवापर्यंत विणायची, डोळ्यानं नाही, बोटांनी.

तिच्या घरापुढे तिच्या नवऱ्याचं थडगं आहे, जसं सगळ्यांच्या घरापुढे आपापल्या माणसांचं असतं. तीन पायऱ्यांचं. आधी साधं खरबरीत सिमेंट होतं. मग गेल्या नाताळात तिच्या मुलानं, इओसेफानं, ऑकलंडहून पैसे पाठवले आणि वर निळ्या चकचकीत फरश्या बसवून घेतल्या. सगळं गाव बघायला आलं. असा मुलगा हवा, म्हणाले. मीही म्हणाले. समुद्राचं वारं तिथंच लागतं, म्हणून फुआटिनो दुपारभर त्या थडग्यावर बसून विणायची आणि नवऱ्याला गावच्या बातम्या सांगायची.

आणि सहाला शंख.

पहिला शंख झाला की जो तो आपल्या घराकडे पळतो. दुसरा झाला की घरोघर प्रार्थना सुरू होते, आणि तिसरा होईपर्यंत बाहेर कुणी दिसता कामा नये. रस्त्यावर लावालावाची लुंगी नेसलेले तरणे गडी उभे असतात, मोटारीसुद्धा थांबवतात. म्हातारीला कुणी दंड करणार नव्हतं. पण जिनं जन्मभर दुसऱ्याच्या चटया उलटल्या, ती शंखानंतर बाहेर सापडली तर तोंड कुठं लपवेल?

ईस्टरनंतरच्या आठवड्यात मी तिच्या कुंपणावरून घरी निघाले होते. पाऊस नुकता थांबला होता. शंख झाला आणि ती ताडकन उठली. अंगात चर्चला घालायचा तो घोट्यापर्यंतचा घट्ट घागरा, पायात नातवाच्या ढगळ रबरी सपाता, पोटात रक्तदाबाची गोळी. तिसऱ्या पायरीवरून पहिलीपर्यंत अशी सरकत आली जशी होडी रेतीवर येते.

मी धावले. नातं नाही, पण तिला आम्ही आईच म्हणतो. “आई, कुठं लागलं?”

“कुठं लागायचं? बसले मी.”

“मी डोळ्यांनी पाहिलं. पडलीस.”

“चष्मा घे, रुता. पडले नाही, बसले. आता बघत काय राहिलीस, उठव. दुसरा शंख होईल.”

आत नेऊन तिला भिंतीला टेकवलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. त्या बोटांत अजून ताकद आहे. फरश्या बसल्यापासून ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी इओसेफाला कुणीतरी फोन केला होता. तो म्हणाला होता, आणखी एकदा पडलीस तर मी येऊन घेऊन जाईन. मागे आठ महिने ती त्याच्याकडे राहून आली होती.

“काय वाईट आहे ऑकलंडला?” मी विचारलं. “गरम पाणी आहे.”

“सगळी कामाला जातात. दिवसभर मी आणि फ्रिज. तो तरी अधूनमधून घुरघुरायचा.” मग बाहेर थडग्याकडे बघत हळूच म्हणाली, “ह्याला सोडून जायचं नाही मला. कुणाला बोलणार नाहीस, शब्द दे.”

मी शब्द दिला.

त्या ‘नाही’च्या गठ्ठ्यानं मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन दिवस मी सगळ्यांना खोटारडे म्हणत फिरले. चौथ्या दिवशी टॅरोचे कंद सोलताना फुआटिनोचं ‘बसले’ आठवलं आणि मी गठ्ठा उचलून पुन्हा निघाले. या वेळी विचारलं, “मनात नसताना खाली बसलात का हो कधी?”

हसायलाच लागले सगळे. ढोपरवाला म्हणाला, “अगं, मंगळवारीच बसलो, डुकराच्या खुराड्यापाशी. डुकरानं जागा दिली.” हातवाली म्हणाली, “दोनदा बसले.” सव्वीस जण बसले होते. कधी, म्हणून विचारलं तर एकोणीस जणांचं उत्तर एकच : पहिला शंख झाल्यावर. कागदावर त्याला रकाना नव्हता, म्हणून मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं.

सोमवारी मुखियांची बैठक होती. प्रत्येक मुखिया आपापल्या खांबाला टेकून, मध्ये कावा या पेयाचं भांडं. आम्ही बायका मागच्या कडेला. फुआटिनो माझ्या मागेच होती, बैठकीला द्यायची चटई घेऊन आली होती. मी म्हटलं, सव्वीस म्हातारी माणसं पडली आहेत, त्यातली एकोणीस पहिल्या शंखानंतर. तो शंख पाव तास आधी वाजवा. आणि म्हातारं माणूस बाहेर राहिलंच, तर जिथं आहे तिथंच बसून प्रार्थना करू दे.

थोरला मुखिया तौफुआ हसला. “आज म्हातारे. उद्या पोरं म्हणतील, आमचेही गुडघे दुखतात.”

“पोरांचं पोरांशी बघा.”

“आजोबांच्या काळापासून शंख याच वेळेला वाजतो, रुता. ते नाही कधी पडले.”

“ते साठीच्या पुढे जगले कुठं पडायला?”

दोघंतिघं हसले. तौफुआ हसायचा थांबला. “सव्वीस म्हणतेस. एक नाव सांग. एक माणूस उभं कर माझ्यापुढे.”

गठ्ठा माझ्या हातात होता. पण त्या सव्विसांनी मला हसत हसत, कुंपणावरून सांगितलं होतं, भर बैठकीत नाव घ्यायला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कुणीतरी मागच्या खांबापाशी म्हणालं, “समितीला कामं उरली नाहीत वाटतं.”

“फुआटिनो,” मी म्हणाले. “तीनदा. शेवटच्या वेळी मीच उचलली.”

रागात तोंडून गेलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खोटं. तौफुआ फुआटिनोचा धाकटा भाऊ. आमच्यात भावाला बहीण म्हणजे देवाच्या खालोखाल. तिचं नाव पुढे टाकलं की तो नाही म्हणू शकणार नाही, हे मला नाव घ्यायच्या आधीच ठाऊक होतं.

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, “पाव तास आधी.” कुणी विरोध केला नाही. मी मागे वळून पाहिलं तर फुआटिनो चटईची घडी घालत होती. एकदा घातली, उलगडली, पुन्हा घातली.

जेवणं व्हायच्या आत बातमी ऑकलंडला पोचली. दहाव्या दिवशी इओसेफा आला. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण तो आल्या आल्या छिन्नी-हातोडा घेऊन थडग्यापाशी बसला होता.

“मीच बसवल्या ना या,” म्हणाला. “माझ्याच फरशीवरून माझी आई घसरते, रुता मावशी. मी तिथं ऑकलंडला झोपू कसा?”

आतून फुआटिनो ओरडली, “बापाच्या डोक्यावर हातोडा मारतोस? ठेव तो.”

त्यानं ठेवला. तिला मात्र तो नेणारच होता.

जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती कपडे भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझा शंख मिळाला.”

“एकोणीस माणसं, आई. उद्या एखाद्याची कंबर मोडली असती.”

“असती. बरं केलंस.” तिनं एक ब्लाउज झटकला. “एक्केचाळीस कागद होते म्हणे. तू बासष्टची. तुझा कागद धरून?”

मी मान डोलावली.

“काय लिहिलंस त्यावर?”

“आई...”

“ईस्टरला चर्चच्या मागच्या पायऱ्यांवरून टॅरोच्या टोपलीसकट खाली गेलीस. मी खिडकीतून पाहिलं. बोलले कुणाला?”

“मी पडले नव्हते,” मी म्हणाले, “पायरी ओली होती, मी जरा...”

“बसली होतीस.”

त्यावर दोघींनी हसायला हवं होतं. ती हसली नाही.

“नाव हवं होतं तर तुझं द्यायचंस.”

“माझ्या नावानं तौफुआ हलला नसता.”

“नसता हलला.” तिनं पेटीचं झाकण लावलं. “पण आधी देऊन तरी बघायचंस. माझं नंतर होतंच.”

मी पेटी उचलायला गेले. तिनं उचलू दिली नाही.

आता पहिला शंख पाव तास आधी होतो. म्हातारी माणसं सावकाश घरी जातात, वाटेत थांबून एकमेकांची उणीदुणी काढतात. थडग्यावर तौफुआनं काथ्याची खरबरीत चटई पक्की बांधून घेतली आहे. तिथं कुणी बसत नाही. इओसेफा फोनवर सांगतो, आई बरी आहे, सगळीकडे गालिचा आहे, पडायची भीतीच नाही. काय करते, विचारलं की म्हणतो, खिडकीपाशी असते. विणत नाही. ती स्वतः अजून फोनवर आलेली नाही.

नर्सबाई कागद न्यायला आली तेव्हा मी गठ्ठ्यातून माझा कागद काढला, ‘नाही’वर रेघ मारली आणि लिहिलं : होय. चर्चच्या पायऱ्या.

तिनं कागद चाळले. “एक्केचाळीस माणसांत एकच होय?”

“मागची बाजू वाच,” मी म्हणाले. “आणि एक्केचाळीस नाही. आता चाळीस.”