अण्णाचा धाविक: सोलापूरच्या विद्यापीठातले उन्हाळी रविवार

मे महिन्यात सोलापूरला फिरायला कोण जातं? कोणीही जात नाही. सोलापूरची माणसंसुद्धा मे महिन्यात सोलापुरात नाइलाजाने राहतात. या ब्लॉगवर आजवर बर्फ, धबधबे आणि समुद्र वाचलेल्यांना आधीच सांगून ठेवते, या वेळी त्यातलं काहीच नाही. ऊन आहे, माळ आहे आणि माझा मोठा भाऊ आहे.

वैनीचा फोन आला तेव्हा मी कुठल्याशा थंड गावाचं बुकिंग बघत होते. अण्णाने स्कूटर चालवणं सोडलं, असं ती म्हणाली. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता हे मला माहीत होतं. आता इंजेक्शनांचाही उपयोग नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हे मात्र अण्णाने मला कळू दिलं नव्हतं. शुक्रवार पेठेतलं आमचं चादरींचं दुकान वैनी बघते आणि रविवारी तर तिला हलताच येत नाही. अण्णाला मात्र रविवारीच जायचं असतं. विद्यापीठाच्या आवारात दर उन्हाळ्यात आठवड्याला पक्षी बघायची फेरी निघते, तिथला तो जुना माणूस. माळावर पळणारा धाविक हा त्याचा लाडका पक्षी. गटातल्या कुणाला ‘मला न्या’ म्हणायला तो तयार नव्हता. अभिमान म्हणजे काय, आमच्या घरात तो तांदळात खडे असावेत तसा सगळ्यांत आहे.

मी अण्णाला फोन करून खडसावलं, की इतकी वर्षं पक्षी बघितलेस, आता एक उन्हाळा नाही गेलास तर काय बिघडतं?

“तंगी,” तो म्हणाला. घरात आम्ही निम्मं कन्नड बोलतो, आणि धाकट्या बहिणीला कन्नडमध्ये तंगी म्हणतात. “धाविक मी मागच्या उन्हाळ्यात बघितला. तो शेवटचा असंल असं वाटलं नव्हतं. माहीत असतं तर नीट बघितला असता की.”

मी थंड गावाचं बुकिंग केलं नाही.

पुण्याहून शनिवारी दुपारची गाडी धरायची आणि रविवारी संध्याकाळी परतायचं, असं महिनाभर चाललं. जाणार असाल तर वातानुकूलित डब्याचे पैसे खर्च करा, तिथे काटकसर नको. मी पहिल्या शनिवारी साध्या डब्यातून गेले आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने तोंड भाजून घेतलं. केमला चढलेल्या एका काकांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून चौकशी केली. पक्षी बघायला सोलापूरला चाललेय म्हटल्यावर त्यांना माझी खरीच काळजी वाटली. “मग भिगवणला उतरायचं होतं की,” ते म्हणाले. “सोलापुरात कुटलं पक्षी? तितं पानी न्हाय.” पुढे कुर्डुवाडी येईपर्यंत ते मला परत जाणाऱ्या गाड्या सांगत होते.

फेरी सकाळी सहाला सुरू होते. फी नाही, नावनोंदणी नाही, फाटकावर ओळखपत्र दाखवलं की झालं. शहरातून रिक्षाने जाणार असाल तर येण्याचंही आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, पुणे रस्त्यावर परतीची रिक्षा मिळत नाही. टोपी, दोन बाटल्या पाणी आणि मातकट रंगाचे कपडे एवढं पुरे. साडेआठच्या पुढे थांबू नका. मी पहिल्या रविवारी हौसेने थांबले होते, दुपारभर डोकं धरून पडले.

आम्ही वैनीच्या स्कूटरवर गेलो. मी चालवत होते आणि अण्णा मागे बसून मला खड्डे सांगत होता. खड्डे त्याला पाठ होते. काही बुजवलेलेही होते, पण मी ते बोलले नाही.

गट लहानसा आहे. पुढारी मोरे सर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, करकंबकडचे. सबा दातांची डॉक्टर. तिच्याकडे स्कोप आहे, म्हणजे तिपाईवर बसवलेली लांब नळीची मोठी दुर्बीण. बाकी चार-पाच जण येऊन जाऊन असतात. ग्रंथालयापासून निघायचं, कडुलिंबांच्या रांगेखालून वसतिगृहामागे जायचं आणि तिथून माळावर. कडुलिंबांखाली पाण्याची मातीची ताटं ठेवलेली आहेत. पहिल्या रविवारी एका ताटाशेजारी साळुंकी मरून पडली होती, ताटात पाणी असूनही. सरांनी ती पायाने बाजूला केली नाही. वाकून उचलली आणि झुडपात ठेवली.

माळ मला आठवत होता त्याच्या निम्मा उरलाय. मधून नवा रस्ता गेलाय, एका कडेला इमारतीच्या सळया उभ्या आहेत. तरी चंडोल वर जाऊन गात होता, टिटव्या आमच्यावर ओरडत होत्या, बाभळीवर खाटीक पक्षी बसला होता. अण्णा प्रत्येक आवाजाला थांबायचा आणि नाव सांगायचा. मी मनात म्हटलं, वैनी उगाच घाबरली, याचं तर बरं चाललंय.

फेरी संपली की ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसायचं आणि हिशेब करायचा, अशी इथली पद्धत. सर एकेका पक्ष्याचं नाव घेतात आणि ज्याने स्वतः पाहिला त्याने हात वर करायचा. कुणी ‘बहुतेक खाटीक असावा’ म्हणालं की सर तो गाळतात. “बहुतेक म्हंजे न्हाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या सकाळी अण्णाने एकदाही हात वर केला नाही. चंडोलाला तो म्हणाला, ऐकला. टिटवीला म्हणाला, ऐकली. सरांनी पुढचं नाव घेतलं.

परतताना पुणे नाक्याजवळ सुशीला खाल्ली. बाहेरच्यांसाठी सांगते, ही भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी, वर शेंगदाण्याचा कूट. सोलापुरात गेलात आणि ती न खाता आलात तर मला सांगू नका. अण्णाने माझ्या तोंडाकडे बघायचं म्हणून मान तिरकी केली आणि नजर माझ्या कानाच्या पलीकडे लावली. मी विचारलं, असा का बघतोस? तर म्हणाला, ज्याच्याकडे सरळ बघावं तेच मधून पुसलं जातं, कडेकडेनं थोडं दिसतं. सरळ बघितलं तर तुझा कान दिसतो, नाक नाही. मग स्वतःच हसला आणि माझं नाक नाही दिसलं तरी चालेल म्हणाला. मला हसू आलं नाही. मला रडू येत होतं आणि समोर सुशीलाची प्लेट होती.

पुढचे दोन रविवार धाविक मिळाला नाही. त्याला उघडा, खडकाळ माळ लागतो आणि तसा तुकडा आता इमारतीच्या पलीकडेच राहिलाय. एका रविवारी आठलाच गरम वारा सुटला आणि आम्ही अर्ध्यातून फिरलो. दुसऱ्या रविवारी पावशा सकाळभर ओरडत राहिला आणि आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. अण्णा दर वेळी म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. शनिवारी रात्री जेवताना त्याला कडक भाकरीशेजारची शेंगाचटणी सापडायची नाही. वैनी बोलता बोलता वाटी त्याच्या बोटांपर्यंत सरकवायची. महिन्याभरात ती वाटी सरकवण्याचं अंतर वाढलं होतं. गटालाही सगळं कळलं होतं आणि प्रत्येक जण अण्णासाठी तो पक्षी शोधत होता. कुणाला दुसऱ्या कशात रसच उरला नव्हता.

शेवटच्या रविवारी सरांनी हात वर केला आणि सगळे जागच्या जागी थांबले. नव्या इमारतीमागे, खडीच्या ढिगापलीकडे धाविक होता. मी माझ्या दुर्बिणीतून बघितला. तांबूस अंगाचा, लांब पायांचा, डोळ्यावरून मागे जाणारी काळी-पांढरी रेघ. तुरुतुरु पळायचा, थबकून ताठ उभा राहायचा, पुन्हा पळायचा.

सबाने भराभर स्कोप लावला आणि सगळे बाजूला झाले. आधी अण्णा, हे कुणाला सांगावं लागलं नाही. अण्णा वाकला. वाकताना आधाराला म्हणून त्याने तिपाई धरली आणि नळी हातभर सरकली. मी पुढे होणार तोवर त्याने डोळा लावलासुद्धा. तिकडे धाविक पळत पळत ढिगामागे गेला, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. अण्णाने मान या बाजूला कलती केली, मग त्या बाजूला. खूप वेळ गेला.

“दिसला,” अण्णा म्हणाला. “डोळ्यावरची रेघ पण दिसली की.”

त्याच्यानंतर सबा वाकली. तिला ‘पळाला’ म्हणता आलं असतं, साधी गोष्ट होती. पण पळाला म्हटलं तर तो कधी पळाला हा प्रश्न येतो आणि ती गडबडली. “हौ, छान दिसतोय,” ती म्हणाली. मग पुढच्याला तेच म्हणावं लागलं, आणि त्याच्या पुढच्याला. माझी पाळी आली तेव्हा स्कोपमध्ये वाळलेलं गवत होतं, दोन दगड होते आणि गवतात अडकलेली प्लास्टिकची पिशवी फडफडत होती. सुंदर आहे रे, असं मी म्हणाले. सर शेवटचे. त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ बघितलं.

“हाय,” ते म्हणाले.

पायऱ्यांवर सरांनी धाविकाचं नाव घेतलं, तेव्हा अण्णासकट सगळ्यांचे हात वर गेले. मला बरं वाटलं, हेही लिहिलंच पाहिजे. काम फत्ते झालं असं वाटलं. मी स्कूटरवर गुणगुणत होते.

नाक्यापाशी अण्णाने माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला सांगितली. उतरला नाही. मागे बसूनच बोलला.

“धाविक इतक्या जणांसाठी एका जागी उभा राहत नसतो, तंगी. प्रत्येकाला नळी फिरवायला लागती. तुमच्यात एकानंही फिरवली नाही. मी ऐकत होतो.”

मी गाडी बंद केली.

“मी खोटं बोललो, कारण तुम्ही सगळे किती आशेनं थांबला होता. तेवढं मला कळतं. पण तुम्ही बोलायला नको होतं. मला आता काय आहे अन् काय नाही, ते तुम्ही सांगाल तेवढंच. त्यात पण खोटं निघालं तर मी कशावर भरवसा ठेवू?”

माफी मागितली मी. तो म्हणाला, चल, ऊन वाढतंय.

पुण्यात आल्यावर मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले आणि म्हणाले, अण्णा, त्या दिवशी स्कोपात धाविक न्हवता, मी हिशेबातनं काढला. वैनी सांगत होती, अण्णाने त्यांना बसवलं, चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली. रविवारी येणार का, असं सरांनी जाताना विचारलं. अण्णा म्हणाला, बघू. त्या रविवारी तो गेला नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. फेऱ्या चालू आहेत, तुम्ही जरूर जा, माणसं चांगली आहेत. इतकी चांगली आहेत की त्यांच्या हातून हे झालं.

हा प्रवास कसा झाला असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. पक्षी पुष्कळ बघितले. भावाला जे हवं होतं ते मिळालं नाही, आणि जे होतं त्यातलंही थोडं आम्ही घालवून आलो. नको बाई, असं म्हणून हे पान न लिहिताच सोडणार होते.

काल सकाळी फोनवर बोलताना माझ्या गॅलरीतल्या जास्वंदीवर शिंजीर आला. लहानपणापासूनची सवय, मी लगेच सांगितलं, अण्णा, शिंजीर आलाय, नर आहे, उन्हात जांभळा चमकतोय.

“खरंच?” अण्णाने विचारलं.

इतक्या वर्षांत त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, खरंच रे, शपथ. तो बरं म्हणाला आणि वैनीला फोन दिला.