तेराशे बारा व्हॉल्व्ह

चावीमामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते फक्त कमरेपासून वर. उरलेले मामा भर चौकात, रस्त्याखालच्या चेंबरमध्ये होते. चारी बाजूंनी भोंगे वाजत होते आणि हा गृहस्थ डांबरातून उगवल्यासारखा निवांत उभा. मिशा एवढ्या रुंद, की ट्रकसुद्धा त्यांना वळसा घालून जात होते. हे मी पुढे अनेकांना सांगितलं आणि मामांना पाहिलेल्या एकानेही ते खोटं मानलं नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयातला नवा कारकून, साहेबांचं पत्र घेऊन आलो होतो. मामांनी ते न वाचताच त्यावर चिखलाचा अंगठा उमटवला, "पोचलं म्हणून सांग" म्हणाले आणि पुन्हा जमिनीत गेले.

शहराचं पाणी सोडणं आणि बंद करणं हे त्यांचं काम. त्यासाठी रस्त्यांखाली तेराशे बारा व्हॉल्व्ह होते आणि कुठला नेमका कुठे, हे एकट्या मामांना ठाऊक. जुने नकाशे वाळवीने फार पूर्वीच अभ्यासून संपवले होते. पाईप फुटला की साहेबांपासून मुकादमापर्यंत जो तो मामांच्या घरी फोन लावी. मामी म्हणायच्या, "ह्यांना रस्त्यातल्या एकेका झाकणाची तब्येत पाठ आहे. माझं ऑपरेशन कुठल्या गुडघ्याचं झालं, ते विचारून बघा." आम्ही विचारलं. मामांनी दुसरा गुडघा सांगितला.

मग मामांची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी पाचेक महिने सांगितले. मामांनी त्यातले रविवार वजा केले आणि उरलेले दिवस घेऊन साहेबांकडे गेले. सगळे व्हॉल्व्ह संगणकाच्या नकाशावर चढवून जातो म्हणाले, म्हणजे मागे कोणाला अंधारात चाचपडायला नको. साहेबांना कल्पना पसंत पडली, खर्च पडला नाही. म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेला आणि कोणालाही विनामूल्य वापरता येणारा नकाशा-सर्व्हर घ्यायचं ठरलं. तो बसवायचं काम माझ्याकडे आलं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढणारा कार्यालयात मी एकटाच होतो, आणि संगणकतज्ज्ञ व्हायला आमच्याकडे तेवढं पुरे.

अंगात बळ होतं तोवर मामा जीपीएसचं यंत्र घेऊन एकेका झाकणावर जाऊन उभे राहिले. यंत्र जागेचे दोन आकडे दाखवी, एक उत्तरेचा, एक पूर्वेचा; मामा ते वहीत उतरवत, दम खात, पुढच्या झाकणाकडे निघत. शेवटचे साठ-सत्तर त्यांनी रिक्षात बसून केले. त्यानंतर ते बाहेर पडलेच नाहीत. मी ऑफिसचा जुना संगणक उचलून त्यांच्या खोलीत नेला आणि ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी ठेवला. दोन्ही यंत्रं घरघरायची. मामांचं सुरळीत चालायचं.

सर्व्हर सुरूच होईना. तीन दिवसांनी कळलं, की त्याला हवा तो पोर्ट, म्हणजे ये-जा करायचा नंबरी दरवाजा, हजेरीच्या प्रोग्रॅमने आधीच अडवून ठेवलाय. ह्याला दुसरा नंबर दिला. सुरू झाला, पण नकाशा पांढराशुभ्र. त्या सर्व्हरवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर मी प्रश्न टाकला. कुठल्याशा परदेशी गृहस्थाने उत्तर दिलं, की हा प्रश्न आठ वर्षांपूर्वी विचारून झालेला आहे, आणि चर्चा बंद केली. शेवटी त्रुटींची फाईल ओळीने वाचत बसलो, तेव्हा दिसलं, की आकड्यांचा फोल्डर उघडायची सर्व्हरला परवानगीच दिलेली नाही. यात आणखी दोन आठवडे गेले होते. मामा आता उशांना टेकूनच झोपत.

परवानगी दिली. रस्ते उमटले. व्हॉल्व्ह एकही नाही. नकाशा लहान करत करत अख्खी पृथ्वी पडद्यावर आणली, तेव्हा सापडले. उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रात तेराशे बारा ठिपके, मुंग्यांसारखे एका जागी.

मामा बराच वेळ बघत राहिले. "बरंय," ते म्हणाले, "तिथे पाण्याची ओरड नसेल."

मला हसू आलं नाही. मी रोज संध्याकाळी जाऊन सेटिंग बदलत होतो, सर्व्हर बंद करून चालू करत होतो, ठिपके समुद्रातच. डॉक्टरांच्या हिशेबातला एकच आठवडा उरला होता. ठिपके सापडल्यापासून आठव्या दिवशी मामी मला दारातच म्हणाल्या, "आता पुरे करा. दिवसभर त्या पडद्याकडे बघतात. माझ्याकडे बघत नाहीत."

आतून मामांनी हाक मारली. वही छातीवर उघडी होती. बोलायला त्यांना मास्क बाजूला करावा लागे.

"भाच्या, हा सर्व्हर आधी कुठला आकडा वाचतो?"

मी मदतपुस्तिका काढून पाहिलं. पूर्वेचा आकडा आधी, उत्तरेचा मग.

"मोजणीवाल्यांनी आम्हाला आधी उत्तरेचा लिहायला शिकवलं," मामा म्हणाले. "सगळीकडे तसंच लिहिलंय मी." मग मास्क लावून दोन-तीन श्वास घेतले. "चूक माझी. त्याला शिव्या घालू नकोस."

शिव्या मी महिनाभर घातल्या होत्या. दोन रकान्यांची अदलाबदल करायला मिनिटही लागलं नाही. ठिपके समुद्रातून निघाले आणि रस्त्यांवर येऊन बसले. मामा एकेक गल्ली बघत गेले. मामी पलंगाच्या कडेवर टेकल्या. त्यांच्या घरासमोरचा ठिपका आला तेव्हा मामांनी तो त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, "माहितेय मला. रोज त्यावरूनच जाते."

पुढच्या बुधवारी मामा गेले.

संगणक मी ऑफिसात आणून लावला. नकाशा कसा उघडायचा याचं परिपत्रक साहेबांच्या सहीने सगळ्यांना गेलं. दीड महिन्याने दवाखान्यामागची मुख्य लाईन फुटली. मुकादमाने सवयीने मामांच्या घरी फोन लावला. मामींनी उचलला, तेव्हा कुठे त्याला आठवलं. त्याने माफी मागितली, तीन ठिकाणी रस्ता खणला आणि दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह सापडला.

नकाशा कोणी, कधी उघडला याची सर्व्हर नोंद ठेवतो. वर्षभरात तो नऊ वेळा उघडला गेला. नऊही वेळा माझ्या टेबलावरून.