गोड बोलणाऱ्या दादांचा लॅपटॉप

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या बाईला माणसांची किळस यायला फार दिवस लागत नाहीत. कीबोर्ड उचकटला की त्याखाली बिस्किटांचा चुरा, केस, कापलेली नखं, सांडलेल्या चहाचा चिकट थर, असं काय वाट्टेल ते सापडतं. एकदा तर मेलेल्या झुरळांचं अख्खं खटलं निघालं होतं. आणि हे घेऊन येणारं गिऱ्हाईक कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर फासून समोर उभं. "विशेष काही नाही हो, जरा स्लो झालाय," असं वर तोंड करून सांगणार. ती नाकाला फडकं बांधायची, हातमोजे चढवायची आणि झाकण उघडल्यावर त्या माणसाकडे अशी बघायची की पुढच्या खेपेला तो गुपचूप दुसरं दुकान शोधायचा. काम चोख होतं म्हणून जिन्याखालचं ते टीचभर दुकान टिकलं होतं, तिच्या स्वभावाने कधीच बुडालं असतं. घरात तिला नाकमुरडी म्हणत. नाव नवऱ्याने ठेवलं आणि लेकीने चालवलं.

दुकानात तिचा एक नियम होता. लॅपटॉपमधले फोटो, मेल, उघडी पानं यांच्याकडे ती ढुंकूनही बघत नसे. यात सभ्यपणाचा भाग थोडा आणि किळसेचा जास्त. माणसांच्या उष्ट्याखरकट्यात रोज हात घालावा लागतो तेवढा पुरे झाला, त्यांच्या मनातलं आणखी कोण चिवडत बसणार, असं तिचं म्हणणं.

उभ्या जगात एकाच माणसाची तिला कधी किळस आली नव्हती, ते म्हणजे तिचे वडील, दादा. पाणीखात्यात तक्रारीच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली. नळ कोरडे पडले की लोक खिडकीत तोंड घालून आईबहिणीवरून बोलत आणि दादा हसून म्हणत, "आपलं अगदी बरोबर आहे साहेब, मी बघतो." दारातल्या कुत्र्यालासुद्धा "बाजूला होता का जरा?" असं विचारणारा माणूस. आई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा शेजारपाजारच्या बायका आपापल्या सासऱ्यांना त्यांचं उदाहरण देऊ लागल्या. सासऱ्यांना ते आवडलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

नाकमुरडीची मुलगी नववीत होती. तिला घरात बडबडी म्हणत आणि ते नाव तिने पुरेपूर कमावलं होतं. खिडकीत मोबाइल टेकवून ती नकला करायची. शाळेचा शिपाई, कंडक्टर, दोन मजल्यांवरून भांडणाऱ्या शेजारणी, आणि दुकानात नाक मुरडणारी स्वतःची आई. ते व्हिडिओ ती इंटरनेटवर टाकायची आणि बरीच माणसं ते हौसेने बघायची. मुलांची नाटकं बसवणाऱ्या एका मंडळाने ते पाहिले आणि नव्या नाटकासाठी तिला चाचणीला बोलावलं, येत्या रविवारी. बडबडी म्हणाली, मी जाणार नाही.

कारण आईला फार उकरून काढावं लागलं. 'परखड' नावाचा कुणी तिच्या प्रत्येक व्हिडिओखाली घाण ओकत होता. "आधी आरशात दात बघ." "चेटकिणीसारखा आवाज आहे." "हिच्या घरात हिला गप्प करणारं कुणी नाही का?" महिनाभरात पोरीने व्हिडिओ बंद केले. हसताना तोंडावर हात धरायला लागली. जेवताना आईच तिच्याकडून चार शब्द काढायची, पण तेही खाली बघून. हा परखड एकदा हाताला लागावा, मग त्याची एकेक कळ उपटून काढते, असं नाकमुरडीला रोज वाटायचं. शनिवार उजाडला तरी पोरीचा नकार कायम होता. ही संधी हुकली तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही, या विचाराने आईचा जीव नुसता खालीवर होत होता.

त्याच सकाळी दादा आपला लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरात आले. "तुला वेळ असेल तरच हं. इंटरनेट उघडलं की अडकतो. बाण जागचा हलत नाही. मग बटण दाबून बंदच करावा लागतो."

"गादीवर ठेवून वापरता ना? पंख्याला हवा मिळत नसेल," ती म्हणाली.

"असेल बाई. माझंच चुकत असेल," दादा म्हणाले आणि पेपर घेऊन बाल्कनीत जाऊन बसले.

तिने तिथेच टेबलावर झाकण उघडलं. पंख्यावर गोधडीची लव अडकली होती, ती ब्रशने काढली. एवढाच काय तो कचरा. चुरा नाही, डाग नाही, आतूनही दादा स्वच्छच निघाले, म्हणून तिला बरं वाटलं. मेमरीची पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवली. डिस्क तपासली, ती ठणठणीत. चालू करून गाणं लावलं, पत्ते खेळून पाहिले, लॅपटॉप घोड्यासारखा धावला. मग ब्राउझर उघडला. पंखा घुरघुरायला लागला, बाण थिजला आणि सगळं ठप्प झालं. म्हणजे दुखणं यंत्रात नव्हतं, उघडलेल्या पानांमध्ये होतं.

तिचा नियम गिऱ्हाइकांसाठी होता आणि हे तर दादा. तिने नेट तोडलं, म्हणजे पानं भरणार नाहीत आणि लॅपटॉप अडकणार नाही, आणि ब्राउझर पुन्हा उघडला. वरच्या पट्टीवर टॅबची नुसती दाटी झाली होती. दादांनी उघडलेलं एकही पान कधी बंद केलं नव्हतं. प्रत्येक पानावर व्हिडिओ, आणि उघडल्याबरोबर सगळे एकदम चालू व्हायला बघत. म्हातारी माणसं, दुसरं काय, असं मनात म्हणत तिने नेट जोडलं आणि एकच पान भरू दिलं. हवामान सांगणारी कुणी बाई होती. खाली दादांचं खातं उघडं होतं, आणि त्यावर नाव होतं परखड.

तिला आधी काही कळलंच नाही. परखडने त्या बाईला लिहिलं होतं, "पावसाचं राहू दे, आधी स्वतःचं पोट आवर." तिने दुसरं पान उघडलं. कुंड्यांत भाजी लावणारा एक मास्तर. त्याला लिहिलेलं वाचून तिची कानशिलं तापली. तिसऱ्यावर बासरी वाजवणारा एक तोतरा मुलगा. ते तिने अर्धंच वाचलं. कुणी उलट उत्तर दिलं का, हे बघायला दादांनी ही सगळी पानं जपून ठेवली होती. मग लेकीचे व्हिडिओ आले, ओळीने सगळे. अगदी पहिल्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, "शाब्बास गं माझ्या राजा. तुझे आजोबा." तिथेही नाव परखडच. दादांनी खात्याचं नाव बदललं तेव्हा मागचं सगळं लिहिलेलंही त्याच नावावर गेलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

मेलेल्या झुरळांचीही तिला कधी इतकी किळस आली नव्हती. तिने मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले. मग बाल्कनीत गेली.

"झाला का ग ठीक?" दादांनी विचारलं.

"परखड कोण, दादा?"

त्यांनी पेपरची घडी घातली. नीट, कडा जुळवून. "पुढच्या वर्षी तिची दहावी आहे," ते म्हणाले. "हे नकलांचं वेड आपलं आपण सुटावं, एवढाच हेतू होता. तोंडावर कसं सांगायचं? पोर दुखावली असती. मला कुणाला दुखवता येत नाही, तुला ठाऊक आहे."

"आणि ती हवामानवाली? तिचीही दहावी आहे?"

दादांनी नजर रस्त्याकडे वळवली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "नोकरीभर ऐकून घेतलं ग मी. इथे मी बोलतो आणि लोकांना ऐकावं लागतं. एकदा सुरू केलं, मग राहवेना." एवढं बोलून ते पुन्हा गोड झाले. "तू रागावू नकोस. मी सगळं पुसून टाकतो. तिला फक्त कळू देऊ नकोस."

त्या गोडपणाचीच तिला आता शिसारी आली. याच हातांनी त्यांनी तिची वेणी घातली होती, आणि ते हात आत्ता तिला नजरेसमोर नको झाले होते. "मी काहीही सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचं. ती आली की लगेच. उद्या तिची चाचणी आहे."

बडबडी क्लासवरून आली. दारात बसून बुटांच्या नाड्या सोडत होती तेव्हा दादा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. "बाळा, तो परखड..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"माहीत आहे मला," ती नाड्यांकडे बघत म्हणाली. "खातं मीच काढून दिलं होतं ना तुम्हाला. नाव बदललं तरी खातं तेच राहतं, आजोबा."

आई पुढे झाली. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्याच दिवसापासून."

"मग मनाला का लावून घेतलंस ग? व्हिडिओ का बंद केलेस?"

"कुणा भलत्याने लिहिलं असतं तर नसते केले. शाळेतली पोरं काय कमी बोलतात?" तिने बूट कोपऱ्यात सारले. "पण आजोबा कधी कुणाला वाईट बोलत नाहीत. त्यांनी नाव लपवून लिहिलं, म्हणजे ते खरंच असणार. मला वाईट वाटू नये म्हणून तोंडावर बोलले नाहीत, एवढंच."

दादा खाली वाकले. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज नेहमीपेक्षाही मऊ झाला होता. "नाही ग राजा. ते सगळं खोटं होतं. तू फार छान बोलतेस. अगदी मनापासून सांगतो."

बडबडीने तोंडावर हात धरला आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून थोडीशी हसली.

"तुम्ही असंच म्हणणार, आजोबा," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.